सरांना उसण भरली तेव्हा

खोली भाड्याने देण्याआधी घरमालक साधारण काय विचारतो? नोकरी कुठे, गाव कुठलं, पाहुणे फार येतात का. मालवणातल्या माझ्या घरमालकांनी यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी मला अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धर."

मी सोलापूरहून तिथल्या शाळेत गणित शिकवायला आले होते. रात्रभर एसटीत बसून अंग आंबलं होतं, खांद्याला पर्स तशीच लटकत होती. तरी मी वाकले. बोटं पोटरीच्या खाली काही जाईनात.

"पुरे," ते म्हणाले आणि घराकडे तोंड करून ओरडले, "पोटरेपर्यंत इली गो! खोली दी तिका."

स्वयंपाकघराच्या दारातून त्यांची बायको बाहेर आली. पदराला हात पुसत, हसू दाबत ती मला म्हणाली, "घाबरू नको गो बाय. आधीचो भाडेकरू ढोपराकडेच अडाकलेलो."

तारकर्लीच्या रस्त्याला नारळांच्या बागेत त्यांचं कौलारू घर होतं. मागच्या दोन खोल्या माझ्या. ते शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे अख्खं मालवण त्यांना सर म्हणायचं. मीही सर म्हणू लागले. त्यांच्या बायकोला सगळे आंटी म्हणत. एकुलती एक मुलगी पुण्यात नर्स होती.

सरांचा एकच धर्म होता असं म्हटलं तर चर्चमधले फादर रागावतील. पण रविवारच्या मिसाखालोखाल त्यांची श्रद्धा होती ती पाठीच्या कण्यावर. माणसाचं शिक्षण, स्वभाव, घराणं सगळं त्यांना पाठीवरून कळायचं. "तो माणूस बरो आसा," ते एखाद्याबद्दल सांगायचे, आणि लगेच मान हलवत, "पण खांदे बघितलंस? पुढे पडलेत. तेच्यार विश्वास ठेवू नको."

त्यांच्या दोन भाषा होत्या. हुकूम द्यायचा असला की शुद्ध पुस्तकी मराठी, आणि मनातलं बोलायचं असलं की मालवणी. त्यामुळे घरात कुठली भाषा चालू आहे ते ऐकून मी हवामानाचा अंदाज बांधायचे. "माका वायच च्याय दी" ऐकू आलं की आज निवांत. "चहा द्यावा" ऐकू आलं की काहीतरी बिनसलंय.

सकाळी बंदरावर माशांचा लिलाव चाले तेव्हा ते पाट्यांच्या मधोमध उभे राहून बायकांना ओरडायचे, "कमरेतून नाही! गुडघ्यातून! गुडघ्यातून वाकायचं!" डोक्यावर बांगड्याची पाटी, खाली चिखल, अंगावर माणसं, आणि वर हा उपदेश. पार्वती नावाची एक मासे विकणारी होती, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. ती न थांबता विचारायची, "सर, माशे घेतलात? नाय मां? मगे बाजूक रवा."

फादरनाही सुटका नव्हती. मिसा संपल्यावर लोक हात जोडून बाहेर पडत, सर मात्र थांबून फादरना सांगत, "प्रवचन बरां होतां. पण पोक काढून सांगितल्यार देवाचो शब्द पोटातच अडाकता." पुढच्या रविवारी फादर काठीसारखे ताठ उभे राहायचे. पहिल्या दहा मिनिटांनंतर हळूहळू वाकायचे, की पुढच्या बाकावरून सरांचा खाकरण्याचा आवाज यायचा.

घरातल्या सगळ्या लाकडी खुर्च्यांच्या पाठी त्यांनी स्वतः करवतीने कापून टाकल्या होत्या. आल्यागेल्याला त्यावर काटकोनात बसावं लागे. कुणी तक्रार केली की ते म्हणत, "माणूस आज खुर्येक टेकता, उद्या भितीक टेकता, परवा खाटीर पडता." आंटीने तांदळाच्या पिंपामागे प्लास्टिकची एक पाठवाली खुर्ची लपवून ठेवली होती. सर बंदरावर गेले की ती काढायची, टेकून बसून पाच मिनिटं डोळे मिटायची, आणि फाटक वाजलं की परत पिंपामागे सरकवायची. हे गुपित मला दिवाळीनंतर कळलं. त्या दिवशी आंटीने मलाही त्या खुर्चीत बसवलं. इतकं मानाचं आसन मला पुन्हा कुणी दिलेलं नाही.

जानेवारीत मुलीचं लग्न ठरलं. मांडव, जेवण, बँड, सगळ्याची चर्चा झाली. कपड्यांचा विषय निघाल्यावर सर म्हणाले, "माका नवो कोट नको. माझो लग्नाचो कोट आसा."

आंटी म्हणाली, "तो कोट तेवाच्या तुमका. आताच्या तुमका तेची फक्त बाही येतली."

ट्रंकेतून कोट निघाला. काळा, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेला, पण कापड अजून मजबूत. खांद्यात तो अगदी बरोबर बसला. सरांनी विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं आणि बटण लावायला गेले. बटण आणि काज यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. त्यांनी श्वास आत घेतला. तीन बोटं. चेहरा जांभळा व्हायला लागला तेव्हा आंटीने कोट काढून घेतला.

"तीन आठवडे आसत," सर म्हणाले. "पोट म्हणजे काय डोंगर नाय."

आता खरी अडचण अशी होती की पीटीच्या सरांनी पोट कमी करण्यासाठी व्यायाम करायचा म्हणजे आधी पोट असल्याचं कबूल करायचं. म्हणून व्यायाम चोरून सुरू झाला. मागच्या पडवीत, दार लावून, मोबाइल खिडकीत टेकवून. त्यावर एक हसरी तरुणी हिंदीत हुकूम सोडायची. पडवीला लागूनच माझी खोली, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू यायच्या.

"और दस! मुस्कुराइए!"

"हसान काय करू? गणती चुकता हा तुझी. सात झाले, तू नऊ म्हणतस."

"बहुत बढ़िया!"

"काय बढ़िया? तुझी स्वताची टाच वर आसा!"

लग्नाला आठ दिवस उरले होते. रविवारची सकाळ, मिसाला निघायची वेळ. मी वह्या तपासत बसले होते. पडवीतून एक लांबलचक "आं" ऐकू आला आणि मग शांतता पसरली. त्या शांततेत फक्त मोबाइलवरची तरुणी बोलत होती, "रुकना नहीं है! शाबाश!"

मी दार ढकललं. सर कमरेत काटकोनात वाकलेले. दोन्ही हातांत कापडी पिशव्या, प्रत्येकीत पाच-पाच नारळ. नजर फरशीवर. पिशव्या जमिनीपासून वीतभर वर, आणि त्या खाली ठेवायचीही सोय राहिली नव्हती.

"सर?"

"कोण ता?"

"मी."

"दार लाव."

मी दार लावलं. "लागलं का कुठे?"

"नाय. हो व्यायामाचोच प्रकार आसा."

"किती वेळ करायचा असतो?"

त्यांनी थोडा विचार केला. कपाळावरून घामाचा एक थेंब फरशीवर पडला. "आंटीक हाक मार," ते म्हणाले. "आणि आधी त्या मोबाइलातल्या चेडवाक गप कर."

आंटी आली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा नारळांकडे पाहिलं आणि म्हणाली, "उसण भरली."

मी पिशव्या काढून घेतल्या. मग आम्ही दोघींनी त्यांना आधी गुडघ्यांवर, मग कुशीवर आणि शेवटी पाठीवर आणलं. एवढ्या प्रवासाला वीस मिनिटं लागली. मधल्या प्रत्येक टप्प्यावर ते आम्हाला आमच्या उभं राहण्यातल्या चुका सांगत होते. "गुडघ्यातून वाका! गुडघ्यातून!" आंटीने एकदाच उत्तर दिलं. "तुमी खंयसून वाकलात?"

पडल्या पडल्या त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, गावात कुणाला कळता कामा नये. दुसरी, पुण्याला मुलीला तर अजिबात नाही. "ती नर्स आसा," ते छताकडे बघत म्हणाले. "ती माका व्हीलचेरीत घालून चर्चीत नेतली." मी पाणी द्यायला वाकले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "आठ दिवसांत चालाक येतला मां गो?" मला एवढ्या दिवसांत त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आंटीने मालवणातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीला घरी बोलावलं. तीही सरांचीच विद्यार्थिनी निघाली. तिने विचारलं, "कसं झालं, सर?"

"शिंक इली."

"एका शिंकेने?"

"मोठी होती."

आंटीने मोबाइल पुढे केला आणि पिशवीतले नारळ दाखवले. मुलीने नारळ मोजले, ओठ घट्ट मिटले आणि तपासायला लागली. पायात मुंग्या येतात का, बधीर वाटतं का, लघवीला त्रास होतो का, सगळं विचारलं. पाय उचलून पाहिले. मग म्हणाली, "नस दबलेली नाही. कमरेचा स्नायू ताणलाय. बरं वाटेल, पण घाई करायची नाही. दिवसभर झोपूनही राहायचं नाही. दर तासाला उठून घरातल्या घरात पाच मिनिटं चाला. गरम शेक घ्या. झोपताना गुडघ्यांखाली उशी ठेवा. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही."

"बरां."

"आणि बसताना पाठ टेकून बसायचं."

बाहेर माडावरून एक झावळी पडल्याचा आवाज आला. मग आंटी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि पिंपामागची प्लास्टिकची खुर्ची घेऊन आली. खुर्चीवर एक मऊ उशीही होती, वापरून वापरून मधे खोलगट झालेली. सरांनी खुर्चीकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"ही कधीपासून आसा?"

"तुमी रिटायर झालात तेवापासून."

"कित्याक?"

"माझी कंबर दुखता म्हणान."

"माका कधी सांगूक नाय तां?"

"सांगितलंय असतंय तर तुमी माका अंगणात उभी केलात असतात," आंटी म्हणाली.

सर त्या खुर्चीत बसले. पाठ टेकताना त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून शेकायची पिशवी गरम झाली की आधी आंटीच्या कमरेला लागायची, मग सरांच्या. असा हुकूमच निघाला, आणि तोही शुद्ध मराठीत.

गुपित तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी पार्वती मासे घेऊन दारात आली आणि नेमके त्याच वेळी सर खुर्चीतून उठत होते. आतून "आवशी गेऽऽ" अशी आरोळी आली. पार्वतीने पाटी खाली ठेवली, सरळ आत आली आणि सरांना भिंतीला धरून उभं पाहून तिचे डोळे चमकले.

"सर, उसण भरली?"

"नाही. मी भिंत बघतोय." शुद्ध मराठी.

"मिया पायाळू आसंय, सर. तुमका ठावक नाय?"

पायाळू म्हणजे जन्माच्या वेळी पायाकडून बाहेर आलेलं माणूस. अशा माणसाने कमरेला लाथ लावली की उसण जाते असं तिकडे मानतात. पार्वती त्या बाबतीत बंदरावर प्रसिद्ध होती. होडीवाले, रिक्षावाले, एकदा तर एक पर्यटकही तिच्या लाथेने बरा होऊन गेला होता. शाळेत असताना सरांनी तिला उशिरा आल्याबद्दल तीन वर्षं मैदानाच्या फेऱ्या मारायला लावल्या होत्या. त्या फेऱ्यांचा आकडा तिला अजून पाठ होता.

सरांनी साफ नकार दिला. ते विज्ञानाचे माणूस होते, ख्रिस्ती होते आणि शिक्षक होते. पण गुरुवारी मुलगी पुण्याहून निघाल्याचा फोन आला आणि दुपारी सर मला म्हणाले, "त्या डॉक्टरणीक सांगू नको. पार्वतीक सांग, जाता जाता येवन जा."

पार्वती आली ती नवं लुगडं नेसून. बरोबर बंदरावरच्या चौघी साक्षीला, कुठे बोलायचं नाही या बोलीवर. तिने विहिरीवर पाय धुतले, आत येऊन आधी सरांच्या पायांना हात लावून नमस्कार केला, कारण गुरूला लाथ मारायची म्हणजे आधी माफी मागायला हवी. सर दाराच्या चौकटीला धरून पाठमोरे उभे राहिले. मी आणि आंटी दोन्ही बाजूंना.

पार्वतीने डावा पाय उचलला. तो कमरेपर्यंत काही पोचेना.

"मागे काय चालू आहे?" सरांनी विचारलं.

"पाय वर जाणा नाय, सर."

"गुडघा आधी छातीकडे घे."

"घेतलंय."

"आता उजव्या पायावर तोल. नजर समोर. हात बाजूला पसर. श्वास सोड आणि पाय पुढे!"

पार्वतीने हात पसरले, श्वास सोडला आणि तोल जाऊन दोन पावलं नाचत चौघींच्या अंगावर गेली.

"पुन्हा!" सर ओरडले. "पहिल्यापासून! एक म्हटल्यावर गुडघा, दोन म्हटल्यावर पाय!"

तिसऱ्या खेपेला पार्वतीच्या अंगठ्याचा सरांच्या सदऱ्याला जेमतेम स्पर्श झाला. चौघींनी टाळ्या वाजवल्या. सरांना हसू फुटलं, हसताना कमरेत कळ आली, कळ आल्यावर ते "आय आय" करू लागले, आणि तरी हसू थांबेना. आंटी तर खुर्चीत बसून रडेपर्यंत हसली. पार्वतीने जाताना एक चांगली सुरमई ठेवली आणि म्हणाली, "सर, फेऱ्यांची फिट्टंफाट नाय झाली हा. अजून खूप लाथा शिल्लक आसत."

शुक्रवारी सर बरेच मोकळे चालायला लागले. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, शेक आणि चालण्याचा गुण. पार्वती म्हणाली, माझ्या पायाचा गुण. सरांचं मत असं होतं की तंत्र चुकीचं असतं तर पार्वतीची स्वतःची कंबर गेली असती, तेव्हा श्रेय तंत्राला.

मुलगी आली, पण तिला आम्ही काही सांगितलं नाही. लग्नाआधी रोसाच्या दिवशी नवरीला नारळाचा रस लावून अंघोळ घालतात, तेव्हा पाहुणे गाणी म्हणत होते. सर कोपऱ्यात उभे होते. एका म्हाताऱ्या आत्याने उरलेला रस त्यांच्या कमरेला चोळला, म्हणजे बातमी निदान तिच्यापर्यंत तरी पोचली असावी. मुलीने ते पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

लग्नाच्या सकाळी कोट घालायचा प्रसंग आला. आठ दिवसांत पोट थोडं उतरलं होतं, पण आता कमरेला आधाराचा पट्टा होता आणि पट्ट्याने सगळी कमाई खाल्ली. चार बोटांचं अंतर तसंच राहिलं. आंटीने कोट उघडाच ठेवला आणि बटणाच्या जागी एक मोठं पांढरं फूल टाचलं.

चर्चच्या दारात बाप-लेक उभे राहिले. आत ऑर्गन सुरू झाला. मी मागच्या बाकावर होते. सर निघाले, पण ते चालणं सरांचं नव्हतं. एक पाऊल, थांबणं. दुसरं पाऊल, थांबणं. मान खाली, ओठ घट्ट, डोळ्यांत पाणी. मालवणात या माणसाला असं कुणीच पाहिलेलं नव्हतं. माझ्या शेजारच्या बाईने रुमाल काढला. "बघलंस गो बापाशीचां काळीज," ती मला म्हणाली. पुढच्या बाकावर एक धिप्पाड खलाशी ढसाढसा रडत होता. अर्ध्या वाटेपर्यंत निम्मं चर्च हुंदके देत होतं. फादरनी चष्मा काढून पुसला. त्या सगळ्या गर्दीत फक्त मी, आंटी, फिजिओथेरपिस्ट, पार्वती आणि तिच्या त्या चौघी कोरड्या डोळ्यांनी पावलं मोजत होतो.

दुपारी मांडवात टोस्टची, म्हणजे ग्लास उंचावून भाषण करायची, वेळ झाली. जो तो सरांचा हात धरून सांगत होता, सर, आज तुम्ही आम्हाला रडवलंत. सर ते ऐकून अस्वस्थ होत होते. त्यांनी भाषण लिहून आणलं होतं. कागद उघडला, दोन ओळी वाचल्या, "उपस्थित बंधू आणि भगिनींनो, आजच्या मंगल प्रसंगी," आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"माका खोटां बोलाक येणा नाय," ते म्हणाले. "तुमी सगळे म्हणतात बापूस रडलो. माका उसण भरली हा. आठ दिवस झाले. पडवेत नारळ उचलताना भरली. कोट लागाक होयो म्हणान. चर्चीत माझ्या डोळ्यांत पाणी इलां तां कमरेमुळां. चेडवामुळां नाय."

मागून पार्वतीला हसू फुटलं आणि सगळा मांडव खो खो हसत सुटला. बँडवाल्यांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी एक जोरदार चाल सुरू केली. सर हातात ग्लास घेऊन तसेच उभे राहिले. त्यांना अजून काहीतरी म्हणायचं होतं असं मला वाटलं, पण बँड थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी मागच्या पडवीत माझ्याशी बोलत बसली होती. निघायची बांधाबांध चालू होती. मी म्हटलं, तुला खरंच माहीत नव्हतं?

"मी नर्स आहे," ती म्हणाली. "स्टँडवर मला घ्यायला आले तेव्हाच कळलं. पप्पांनी बॅग उचलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा." ती थोडा वेळ नखांवरची मेंदी बघत राहिली. "लहानपणी त्यांच्याबरोबर शाळेत जायचे ना, ते कायम पुढे आणि मी मागून धावत. काल म्हटलं आज बरोबर चालायचं. चर्चमध्ये शिरल्यापासून ते तोंडातल्या तोंडात मोजत होते. एक, दोन. एक, दोन. मधे आल्यावर मोजायचे थांबले. मी विचारलं, पप्पा, दुखता? तर म्हणाले, होय."

"मग?"

"मी विचारलं, खंय? पाठीत?"

"काय म्हणाले?"

"माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, वायच हळू चल गो. वाट लवकर सोंपता."